चौथ्या रात्रीचा फोन

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे. मूळची बार्शीची, दोन वर्षांपासून सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पाच आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी, माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. आडवी होती, म्हणून हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी रूममेटनं प्रेमानं मस्तानी आणली आणि मी ती स्ट्रॉनं प्यायले. रविवारी रात्रीपासून पार कानापर्यंत ठणका लागला, तोंडाला घाण वास यायला लागला. 'काही वाटलं तर फोन कर' म्हणून डॉक्टरांनी नंबर दिला होता. पण स्ट्रॉ वापरायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं आणि मी नेमकं तेच केलं होतं. ओरडतील म्हणून फोन केला नाही. आत्यानं सांगितलं म्हणून लवंगेचं तेल लावलं, तर आतून गाल सोलवटला. रूममध्ये सापडेल ती गोळी खाल्ली. शेवटी पुढच्या गुरुवारी गेले. 'ड्राय सॉकेट' झालंय म्हणाले, पाच मिनिटांत औषध भरलं आणि त्या रात्री मला झोप लागली. आता डावी दाढही काढायची आहे, ती वर्षात दोनदा सुजली. मला धीर होत नाही. मागचं सगळं माझ्याच चुकीनं झालं का? आणि उजवीकडे अजून खड्डा आहे, त्यात भात अडकतो.
– सदाशिव पेठेतून एक

प्रिय मुली,

तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. 'ओरडतील म्हणून फोन केला नाही.' ठणक्याचं वाचून जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं हे वाचून वाटलं. तीस वर्षं मी दाताचा दवाखाना चालवला आणि असं गप्प बसून दिवस काढणारी माणसं दर महिन्याला पाहिली. मुळशीकडचे एक आजोबा तर दाढ काढल्यावर थेट सहाव्या दिवशी आले, उपरणं डोक्यावरून गालाला बांधलेलं. पाच रात्री झोप नव्हती. का नाही आलात विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या मागं एवढी माणसं. म्हटलं, कशाला उगा तरास." मी बिनसुईच्या सिरिंजमध्ये सलाइन घेऊन तो खड्डा धुतला. अडकलेलं अन्न निघालं आणि तळाशी पांढरट हाड उघडं दिसलं. रक्ताच्या गुठळीचा मागमूस नव्हता. औषधात भिजवलेली चिंचोळी पट्टी चिमट्यानं हळूहळू आत बसवली आणि त्यांना बाहेर बाकावर बसवलं. दहा मिनिटांनी पाहते तो त्यांनी उपरण्याची गाठ स्वतःच सोडली होती. म्हणाले, "इथं चहा कुठं मिळंल?" कोमट करून प्या, एवढंच मी सांगितलं.

काम पाच मिनिटांचं होतं, तुझंही तेवढंच होतं. ते चौथ्या रात्रीनंतर लगेच, सोमवारी सकाळी, होऊ शकलं असतं.

आता तुझी चूक होती का, ते सांगते. दाढ निघाली की त्या जागी रक्त साकळतं आणि गुठळी धरते. खालच्या उघड्या हाडावर आणि मज्जातंतूंच्या टोकांवर ती पांघरुणासारखी बसते. पुढे तिच्यातच नवं मांस भरत जातं आणि मग हाड. हे पांघरूण वेळेआधी गेलं की हाड उघडं पडतं, त्याला हवा, पाणी, अन्न लागतं आणि ठणका सुरू होतो. हाच ड्राय सॉकेट. स्ट्रॉनं ओढताना तोंडात पोकळी तयार होते आणि कच्ची गुठळी ओढली जाऊ शकते, म्हणून आम्ही स्ट्रॉ नको म्हणतो आणि म्हणत राहणार. पण बहुतेक वेळा गुठळी उपटून निघत नाही, ती जागच्या जागी विरघळते. हाडाला झालेली इजा आणि तोंडातले जंतू यांमुळे तिला विरघळवणारी द्रव्यं जास्त तयार होतात. म्हणून दाढ जितकी खोल रुतलेली, काढायला जितकी अवघड, तितका धोका वाढतो. साध्या दात काढण्यात शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं. खालच्या रुतलेल्या अक्कलदाढांत त्याच्या कितीतरी पट होतं, काही पाहण्यांत तर शंभरात तीसपर्यंत. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्यानं १८९६ साली या दुखण्याचं पहिलं वर्णन लिहिलं. तेव्हापासून आजपर्यंत कुणीही पेशंटला छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही की तुला होणारच नाही. सगळे नियम तंतोतंत पाळणाऱ्या माणसांना झालेला मी पाहिला आहे. तुझी दाढ आडवी होती, तुकडे करून काढावी लागली होती. त्या मस्तानीनं थोडा हातभार लावला असेल, नसेलही. ते ओझं आता खाली ठेव, आणि रूममेटच्या डोक्यावरही ठेवू नकोस.

एक प्रश्न मात्र विचारते, कारण तुझ्या वयाच्या मुली हे सांगायला विसरतात. पाळीसाठी किंवा पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं आणि त्यानं ड्राय सॉकेटचा धोका वाढतो. दातांच्या डॉक्टरांना पाळीच्या गोळ्यांशी काय करायचंय, असं वाटून कुणी बोलत नाही. तू सांग. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस, फक्त सांग. तंबाखूचंही तसंच, सिगारेट असो की मशेरी. मशेरीनं दात घासणाऱ्या बायका 'तंबाखू खाता का' विचारलं की नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखू नसतेच.

डावी दाढ काढावी का? वर्षात दोनदा सुजली असेल तर माझं उत्तर हो. त्रास न देणाऱ्या, निमूट पडून असलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत या मताची मी आहे. ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी मार्गदर्शनच तसं आहे. पण त्याच मार्गदर्शनात असंही आहे की दाढेभोवतीची हिरडी दुसऱ्यांदा सुजली तर काढणं योग्य. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची झालर राहते, तिच्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही. ती तिसऱ्यांदा सुजेलच, आणि नेमकी परीक्षेच्या आठवड्यात सुजली तर काय करशील? फक्त सुजलेली असताना काढायला जाऊ नकोस. आधी सूज उतरू दे. आणि एक्स-रे दाखवून डॉक्टरांना विचार की ओठाला संवेदना देणारी नस मुळांपासून किती लांब आहे.

वार मात्र विचार करून निवड. मागची दाढ गुरुवारी निघाली, म्हणून ठणका रविवारी रात्री आला, दवाखाना बंद असताना. ड्राय सॉकेट व्हायचा असेल तर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळतो. सोमवारी सकाळी दाढ काढलीस तर हे दिवस बुधवार ते शुक्रवार पडतात आणि तुझे डॉक्टर दवाखान्यात असतात. परीक्षेआधी तीन आठवडे मोकळे राहतील असा सोमवार बघ. आणि खुर्चीत बसायच्या आधी सगळं सांगून टाक. मागच्या वेळी ड्राय सॉकेट झाला होता, स्ट्रॉ वापरला होता, लवंगेच्या तेलानं गाल भाजला होता. क्लोरहेक्झिडिनच्या औषधी पाण्याबद्दल विचार. दाढ काढायच्या आधी आणि नंतर ते वापरल्यानं ड्राय सॉकेट कमी होतो, हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. कधी सुरू करायचं ते तेच सांगतील.

दाढ निघाली की दाबून धरायला बोळा देतील. तो अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून 'थांबलं का' म्हणून बघायचं नाही. बघितलंस की धरत आलेली गुठळी सुटते. लाळ गिळायची. आपल्याकडे रक्त पोटात जाऊ नये म्हणून सारखं थुंकतात आणि त्या थुंकण्यानंच रक्त वाहत राहतं. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. तोंडात पाणी आलंच तर बेसिनवर वाकून नुसतं गळू द्यायचं. रात्री दोन उशा घे, जुना अभ्रा घाल. सकाळी त्यावर गुलाबी डाग दिसतील, ते रक्त मिसळलेल्या लाळेचे असतात, घाबरू नकोस. तोंड भरून लालभडक रक्त येत असेल तर स्वच्छ गॉझ ओला करून, जाड घडी घालून अर्धा तास दाबून धर. तरी थांबलं नाही तर फोन.

भूल उतरायला काही तास लागतात. दुखायला लागायची वाट न बघता पहिली गोळी त्याआधीच घ्यायची, थोडं खाऊन. भूल असताना गरम काही नको, आणि ओठ चावला जातोय का ते बघ. आता गोळ्यांबद्दल जरा रागावते. 'सापडेल ती गोळी खाल्ली' हे पुन्हा करू नकोस. क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लॅम ही नावं वेगळी दिसतात, पण तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. दुखतंय म्हणून एकीवर दुसरी घेत गेलं की बेरीज कुठे जाते ते कळत नाही. मोठ्या माणसानं २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, नाहीतर यकृताला इजा होते. शिवाय कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं. ते उपाशीपोटी नको, आणि दमा किंवा अल्सर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. चिठ्ठीवर जे लिहिलंय, तेवढंच आणि त्याच वेळेला. अँटिबायोटिक दिलं असेल तर तेही ठरल्याप्रमाणे संपवायचं.

सूज येणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते, आरशात बघून रडू येतं. पहिला दीड-दोन दिवस बर्फ. मेसवाल्या काकूंच्या फ्रीजमध्ये आधीच पाण्याचा ट्रे ठेवायला सांग. बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून गालाला, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. दोन दिवसांनंतर शेक चालतो. जबडा आखडेल, तोंडात एक बोट जेमतेम जाईल. निरोगी माणसाची उभी तीन बोटं तोंडात मावतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुखणार नाही इतपत तोंड उघड-मीट करत जा, आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळं होतं.

मेसच्या डब्याची काळजी तू लिहिली नाहीस, पण मला आहे. पहिल्या दिवशी गार आणि पातळ, म्हणजे दूध, ताक, साधं दही, बिनसुक्यामेव्याचं आइस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून काकूंना सांगून गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, नाचणीची आंबील. डब्यात पोळी आलीच तर कोमट वरणात कुस्करून पंधरा मिनिटं झाकून ठेव. ती इतकी मऊ होते की जीभ आणि टाळू यांमध्येच मोडते, दाताला काम राहत नाही. बाजरीची भाकरी, तिळाची किंवा दाण्याची चटणी, चिवडा, बाकरवडी, फरसाण घातलेली मिसळ हे सगळं दोन आठवडे दुसऱ्यांना खाऊ दे. तीळ आणि फरसाणाचे कण नेमके त्या खड्ड्यात जाऊन बसतात. मस्तानी वर्ज्य नाही. बिनबदामाची सांग, स्ट्रॉ दुकानातच परत दे आणि चमच्यानं खा. रूममेटला तेवढंच समाधान.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ. ग्लासभर पाण्याला अर्धा चहाचा चमचा, दर जेवणानंतर. पण आपण भरतो तशी खळखळून चूळ नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान या बाजूला, मग त्या बाजूला कलवायची आणि पाणी गळू द्यायचं. बाकीचे दात मऊ ब्रशनं रोज घासायचे, फक्त टाक्यांपासून लांब. दात न घासता आठवडा काढणारी माणसं स्वतःच्या हातानं जंतू पोसतात.

आत्यांवर रागावू नकोस. लवंगेत युजेनॉल असतं आणि तुझ्या डॉक्टरांनी भरलेल्या औषधातही बहुधा तेच होतं. तिचं निदान बरोबर होतं, रीत चुकली. ते औषध मोजून, दुसऱ्या द्रव्यांत मिसळून, नेमक्या जागी बसवावं लागतं. नुसतं तेल बोळ्यानं लावलं की गालाची आतली नाजूक कातडी भाजते. तुला ते भोगावं लागलं. हळद किंवा तुरटीची पूडही त्या खड्ड्यात दाबायची नाही.

पहिला दिवस गाडी चालवू नकोस. नंतरही सुजलेल्या गालावर बंद हेल्मेट चढवणं आणि आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर, दोन्ही त्रासाचं. अभ्यासिका चालत गाठता येत असेल तर चालत जा. पर्वतीच्या पायऱ्या, सूर्यनमस्कार, कपालभाती आठवडाभर बंद. जोर लावला की, खाली वाकलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि टाक्यांतून झिरपायला लागतं. पहिले दोन दिवस टेबलावर वाकून वाचण्यापेक्षा भिंतीला उशी लावून, टेकून वाच.

आता फोन कधी करायचा. दुखणं कुठल्या दिशेला चाललंय ते बघ. पहिले तीन दिवस दुखेल, सुजेल, पण तिसऱ्या दिवसानंतर रोज कालच्यापेक्षा थोडं कमी व्हायला हवं. चौथ्या दिवशी कालच्यापेक्षा जास्त असेल, ते कानाकडे, कानशिलाकडे जात असेल, गोळीनं तासभरही बरं वाटत नसेल, वास येत असेल, तर तो फोन रात्रीचाही कर. खड्ड्यात पांढरट-पिवळट थर दिसला आणि दुखत नसेल, तर ते बहुतेक भरून येणाऱ्या जखमेचं आवरण असतं. ते पू समजून खरवडू नकोस. ताप आला, पू आला, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर राहिली तरी कळवायचं. बधिरपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत ते महिन्यांत जातो, पण डॉक्टरांना तो पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवा. सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटलं, तर मात्र कुणाची वाट बघायची नाही. १०८ लाव, नाहीतर रिक्षा करून ससूनचा अपघात विभाग गाठ. तुझे डॉक्टर गावाला गेले असतील, तर कामाच्या दिवशी सकाळी धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय किंवा कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. दाढेवरच्या शस्त्रक्रियांचा विभाग दोन्हीकडे आहे. एक्स-रे बरोबर ने.

फोनवर काय बोलायचं सुचत नाही, म्हणूनही माणसं टाळतात. हे कागदावर लिहून उशाशी ठेव : 'सर, डावीकडची खालची अक्कलदाढ सोमवारी काढली. आज चौथा दिवस. काल कमी होतं, आज जास्त आहे, कानापर्यंत जातंय, तोंडाला वास येतोय. गोळी इतक्या वाजता घेतली.' आणि काही मोडलं असेल तर तेही सांग, स्ट्रॉ असो की गरम चहा. पलीकडचा माणूस ते ऐकून तुझी लायकी ठरवत नसतो, गुठळीचं काय झालं असेल याचा अंदाज बांधत असतो. एखादे डॉक्टर ओरडलेच, तर ओरडून झाल्यावर 'सकाळी दहाला ये' म्हणतील. तेवढं ऐकायचं आणि दहाला जायचं.

उजव्या खड्ड्याचं शेवटी ठेवलं, कारण त्यात काळजीसारखं काही नाही. पाच आठवड्यांत वरची हिरडी बहुतेक भरून येते, पण आत हाड भरायला महिने लागतात. तोवर खळगा राहतो आणि त्यात भात बसतो. जेवल्यावर पाण्यानं धू. आता खळखळून चूळ भरलीस तरी चालेल. वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळाली तर तिनं हलकेच पाणी सोड. आगपेटीची काडी, सेफ्टी पिन, टूथपिक आत घालू नकोस. दुखत नसेल, वास येत नसेल, तर उजवीकडून चावायला लाग. पुढच्या महिन्यात तीच बाजू तुला जेवू घालणार आहे.

रूममेटला त्या सोमवारी दुपारपर्यंत रूमवर थांबायला सांग. रेशमाचे काळे टाके घातले असतील तर साधारण आठवड्यानं काढायला जावं लागेल, विरघळणारे असतील तर नाही. आठव्या दिवशी मला दोन ओळी लिही, टाके निघाले का आणि तोंडात किती बोटं मावतात, एवढंच.

तुझी ताई